घड्याळ चालते करा, उजळवू नका: परभणीतील एका जुन्या मनगटी घड्याळाच्या निमित्ताने

१/
वाचकहो, आजचा धागा नेहमीपेक्षा लांब आहे. विषय जुन्या स्विस मनगटी घड्याळांचा आहे. परंतु त्याचा आरंभ जिनिव्हाच्या लिलावगृहात होत नाही, परभणीतील एका लाकडी कपाटाच्या खणात होतो. माझे मत प्रथमच सांगून टाकतो. घरातील जुने घड्याळ ‘नव्यासारखे’ करून घेऊ नका. ते चालते करा, जपा, हातावर बांधा. पण उजळवू नका. असे का म्हणतो, ते क्रमाने मांडतो.

२/
आमच्या घरी आजोबांचे ‘फेवर-ल्यूबा’ कंपनीचे ‘सी किंग’ आहे. कंपनीच्या नावाचा मूळ फ्रेंच उच्चार काहीही असो, मराठवाड्यात ते ‘फेवरलुबा’च. पोलादी, गोल, रोज सकाळी चावी द्यावी लागणारे. वैशाख शके १८८५, म्हणजे १९६३ च्या मे महिन्यात, आजोबांच्या लग्नात ते आजीच्या वडिलांनी दिले. लग्नाच्या भांड्यांवर नावे घालणाऱ्या कारागिराकडूनच त्यांनी मागच्या झाकणावर तीन ओळी कोरून घेतल्या होत्या: स्वतःचे नाव, गाव आणि शके.

३/
वीसेक वर्षांपूर्वी ते बंद पडले. मी ते एका मोठ्या शहरातील दुकानात दिले आणि उत्साहाच्या भरात म्हणालो, “अगदी नवे करून द्या.” त्यांनी मी सांगितले तेच केले. पंधरा दिवसांनी हातात आलेले घड्याळ आरशासारखे लखलखत होते. पिवळसर पडलेली तबकडी शुभ्र झाली होती, काटे चमकत होते. आणि मागचे झाकण यंत्रावर घासून इतके गुळगुळीत केले होते की, त्या तीन ओळींपैकी एक अक्षरही उरले नव्हते.

४/
आजीने ते हातात घेतले, उलटे केले, अंगठा फिरवला आणि एवढेच म्हणाली, “माझ्या बापाचं नाव कुठं गेलं?” या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तेव्हा नव्हते. आजही नाही. या धाग्याचे मूळ त्या प्रश्नात आहे. आता थोडा इतिहास पाहू. कारण ते घड्याळ परभणीपर्यंत कसे आले, हे कळल्याशिवाय काय गमावले हेही नीट कळणार नाही.

५/
फेवर-ल्यूबाची परंपरा १७३७ पर्यंत मागे जाते. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल या गावी आब्राम फाव्र यांचे नाव त्या वर्षी घड्याळजी म्हणून नोंदलेले आढळते. १८१५ मध्ये फाव्र आणि ल्यूबा ही दोन नावे एकत्र आली. म्हणजे पेशवाईचा सूर्य कलत असताना ही जोडी जन्मली. १८६० च्या दशकात या घराण्याने मुंबईत व्यवहार सुरू केला. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला, हे ध्यानात घेतले तर ही मंडळी किती लवकर आली, हे उमगते.

६/
म्हणून भारतात हे नाव परके राहिले नाही. मुंबईतून ही घड्याळे देशभर गेली. इतर नामांकित स्विस कंपन्यांचा माल विकण्याचे कामही याच पेढीने केले. तबकडीवर ‘जेगर-लकुल्त्र’ आणि ‘फेवर-ल्यूबा’ अशी दोन्ही नावे असलेली जुनी घड्याळे आज संग्राहक आवर्जून शोधतात. विकणाऱ्या पेढीचे नाव तबकडीवर असणे, ही घड्याळाच्या प्रवासाची पहिली नोंद असते. हा मुद्दा पुढे कामाला येईल.

७/
दुसरे नाव ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’चे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-कलकत्त्यात पाय रोवलेली ही कंपनी स्वित्झर्लंडमध्ये बनवलेली घड्याळे पूर्वेकडील बाजारपेठांत विकत असे. तिच्या एका प्रसिद्ध घड्याळाचे नाव होते ‘सोवार’. हा आपलाच ‘स्वार’! सैन्यातील शिपाई आणि रेल्वेतील कर्मचारी ही या घड्याळांची मोठी गिऱ्हाइके. पुढे ‘सोवार प्रायमा’ हे धक्का सोसणारे घड्याळ म्हणून नावाजले गेले.

८/
त्या काळी परभणी मुंबई इलाख्यात नव्हती. ती निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाचे चलन वेगळे (‘हाली’ सिक्का, ब्रिटिश रुपयाला लोक ‘कलदार’ म्हणत) आणि सीमेवर जकातही वेगळी, जिला ‘करोडगिरी’ म्हणत. मुंबईहून आलेल्या वस्तूची किंमत कलदारातून हालीत मोजावी लागे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड-सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग परभणीवरून गेला आणि घड्याळाचा वेळ खऱ्या अर्थाने या मुलखात शिरला.

९/
तोवर वेळ मोजायची साधने निराळी होती. दिवस कासराभर वर आला, गुरे रानातून परतली, मंदिरातील घंटा वाजली, मशिदीतून अजान झाली, एवढ्यावर व्यवहार भागत असे. रेल्वेला मात्र मिनिटांचा हिशेब लागतो. स्टेशनमास्तर, वकील, तालुक्याचे अंमलदार, मानवत-सेलूच्या कापूसबाजारातील आडते यांच्याकडे घड्याळ असे. कुळवाड्याच्या मनगटावर ते येण्यास बराच काळ जावा लागला.

१०/
घड्याळाची श्रीमंती कशी होती, याचे एक उदाहरण भारताशीच निगडित आहे. इथे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळताना फुटत. त्यांची तक्रार सेझार द त्रे या घड्याळ-व्यापाऱ्याच्या कानी गेली आणि त्यातून उलटी फिरवून काच झाकता येणारी केस निघाली. ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला. हेच ते ‘रिव्हर्सो’. काच वाचवण्यासाठी केलेली पोलादी पाठ पुढे नावे, चिन्हे, मीनाकामातील चित्रे यांचे स्थान झाली. भारतीय राजघराण्यांसाठीही अशी घड्याळे घडली.

११/
इथे क्षणभर थांबा. राजेरजवाड्यांनी रिव्हर्सोच्या पाठीवर चित्र काढून घेतले आणि मानवतजवळच्या एका शेतकऱ्याने सी किंगच्या पाठीवर भांडी कोरणाऱ्याकडून नाव घालून घेतले. साधने वेगळी, ऐपत वेगळी. प्रेरणा मात्र एकच. वस्तू आपली झाली, हे वस्तूवरच लिहून ठेवणे. संग्राहक पहिल्या घड्याळाला ‘दुर्मीळ’ म्हणतो. दुसरेही जगात एकच होते.

१२/
१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. याच काळात परकीय चलनाच्या टंचाईमुळे परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. वस्तू दुर्मीळ झाली की तिची ओढ वाढते. सोन्याबरोबर घड्याळेही चोरट्या मार्गाने मुंबईच्या किनाऱ्याला लागू लागली. ‘स्विस घड्याळ’ हा शब्दच प्रतिष्ठेचा शिक्का झाला.

१३/
याला सरकारचे उत्तर होते ‘एचएमटी’. हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूला मनगटी घड्याळे बनवायला आरंभ केला. ‘जनता’ हे त्यांतील सर्वांत लाडके. सतरा खड्यांचे, हाताने चावी द्यायचे, साधे आणि टिकाऊ. शिक्षक, तलाठी, कंडक्टर, ग्रामसेवक यांच्या मनगटावर ते आले. तरीही लग्नात वरपक्षाची नजर स्विस घड्याळावरच असे.

१४/
आता जरा अवघड गोष्ट. घड्याळ, अंगठी, सायकल, रेडिओ ही चार नावे त्या पिढीतील कोणासमोरही एका दमात उच्चारून पाहा. ती हुंड्याची यादी आहे, हे त्यांना सांगावे लागणार नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. आजोबांचे घड्याळ १९६३ चे. झाकणावर कोरलेल्या मजकुरात ‘सस्नेह भेट’ असे शब्दही नव्हते. केवळ देणाऱ्याचे नाव होते. आजी सांगत असे, “त्या घड्याळात माझ्या बापाचा एका सुगीचा कापूस आहे.”

१५/
म्हणजे जी अक्षरे मी घासून टाकली, ती सजावट नव्हती. त्या व्यवहाराचा तो एकमेव लेखी पुरावा होता. सातबारा पुरुषांच्या नावे, फोटोत वर आणि वरबाप, घड्याळ आजोबांच्या मनगटावर. आजीच्या माहेराचा उल्लेख होता तो फक्त त्या झाकणावर, तोही कातडीला टेकलेल्या बाजूने. जुनी वस्तू उजळवताना आपण बहुधा हेच करतो. ठसठशीत ते राखतो आणि पुसट ते पुसून टाकतो.

१६/
पुन्हा इतिहासाकडे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सायको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले. चावीच्या घड्याळांवर आधारलेला स्विस धंदा पुढील दशकात कोसळला आणि फेवर-ल्यूबाचीही घडी विस्कटली. आपल्याकडे १९८७ पासून टायटनची क्वार्ट्झ घड्याळे आली. चावी देण्याची सवय गेली. एचएमटीचे घड्याळ-कारखाने रखडत राहिले. ते बंद करण्याच्या निर्णयावर २०१६ मध्ये शिक्कामोर्तब झाले.

१७/
गंमत पाहा. बंद होण्याची वार्ता येताच ‘जनता’ला मागणी आली. फेवर-ल्यूबा हे नाव २०११ मध्ये टाटांच्या टायटनने विकत घेतले आणि २०२३ मध्ये ते इथॉस या भारतीय समूहाकडे गेले. १९६२ चे ‘बिव्हूआक’ (उंची आणि हवेचा दाब दाखवणारे यांत्रिक मनगटी घड्याळ) आणि १९६८ चे ‘बाथी’ (पाण्याची खोली दाखवणारे) आज जगभरचे संग्राहक हुडकत असतात. जे अडगळ होते, ते धन ठरले.

१८/
आणि धन ठरताच एक जुना धंदा नव्या रूपात उभा राहिला. तबकडी पुन्हा रंगवणे हे आपल्या घड्याळजींचे नित्याचे काम होते. उष्मा, घाम, पावसाळी दमट हवा यांनी तबकडी डागाळते. आयातबंदीमुळे मूळ सुटा भाग मिळत नसे. मग जुना रंग काढून नवा लावायचा, आकडे छापायचे, दुसऱ्या घड्याळाचा काटा बसवायचा. गिऱ्हाइकाला हवे तेच होते. ती सेवा होती, फसवणूक नव्हती.

१९/
इंटरनेटवरून जगाला घड्याळे विकता येऊ लागली, तेव्हा हीच रंगवलेली घड्याळे ‘मूळ स्थितीतील दुर्मीळ’ अशा वर्णनाने परदेशी जाऊ लागली. कंपनीने कधीच न काढलेले निळे, केशरी, पोपटी रंग. तीन घड्याळांचे भाग एकत्र करून घडवलेले चौथे. जगभरच्या संग्राहकांनी या प्रकाराला एक नावच ठेवले: ‘मुंबई स्पेशल’. आपल्या राजधानीच्या नावाचा असा विशेषण म्हणून वापर व्हावा, हे मला लागते.

२०/
ते ओळखायचे कसे, हेही सांगतो. भिंगातून तबकडीवरील छपाई पाहा: मूळ अक्षरांच्या कडा रेखीव असतात, रंगवलेल्यांच्या पसरट. कंपनीचे चिन्ह वाकडे आहे का? खाली सहाच्या आकड्यापाशी ‘स्विस मेड’ आहे का, आणि सरळ आहे का? तबकडी नवीकोरी आणि आतले मशीन गंजके, असे आहे का? काट्यांवरील रेडियम काळवंडलेले आणि आकड्यांवरील ताजे हिरवे आहे का? उत्तरे जुळत नसतील तर घड्याळ काहीतरी लपवत आहे.

२१/
आता मूल्य कशात असते, ते पाहू. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात रोलेक्सचे एक ‘डेटोना’ सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरला गेले. ते सोन्याचे नव्हते. साध्या पोलादाचे होते. परंतु ते अभिनेता पॉल न्यूमन यांचे स्वतःचे होते. मोटारशर्यतीच्या नादी लागलेल्या पतीला पत्नी जोआन वुडवर्ड यांनी दिलेले. पाठीवर तिने शब्द कोरून घेतले होते. आशय एवढाच की, गाडी जपून चालव.

२२/
कल्पना करा, कोणी हौशी माणसाने ती पाठ घासून आरशासारखी केली असती तर? घड्याळ तेच, मशीन तेच, वेळही तीच दाखवणार. पण ते अशा हजारो घड्याळांतील एक झाले असते. कोणी कोणाला, का दिले, ही साखळी अखंड असणे, हेच जुन्या वस्तूचे खरे मोल. न्यूमनच्या घड्याळाला ही साखळी लिलावगृहाने मिळवून दिली. आपल्या घड्याळाला ती आपणच दिली पाहिजे.

२३/
“म्हणजे मुंबईवाले लबाड आणि स्विस सज्जन?” मुळीच नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात ओमेगाचे १९५७ चे एक ‘स्पीडमास्टर’ ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला विकले गेले. घेणारे होते ओमेगाचेच वस्तुसंग्रहालय. २०२३ मध्ये उघड झाले की, ते घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेले होते, आणि या प्रकारात कंपनीचेच माजी कर्मचारी गुंतले असल्याचे कंपनीने सांगितले.

२४/
म्हणून माझा आक्षेप जोडकामाला नाही. न सांगता केलेल्या जोडकामाला आहे. मुंबईच्या एखाद्या गल्लीत बसून तबकडी रंगवणारा कारागीर आणि जिनिव्हातील कोट्यवधींचा बनाव यांत दोषी ठरवायचाच तर तो ठरतो, ज्याने वर्णनात असत्य लिहिले. रंगवलेल्या घड्याळाला ‘रंगवलेले’ म्हणून विका. कोणाचीच हरकत असू नये. ‘मुंबई स्पेशल’ ही शिवी पुसायची असेल तर मार्ग हाच.

२५/
एक आक्षेप मी स्वतःच घेतो. “वस्तू माझी, मी ती चमकवीन नाहीतर मोडीन, तुम्ही कोण?” बरोबर आहे. तो मालकाचा अधिकार आहे. पण जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची यादवकालीन मंदिरे पाहिलेल्या कोणालाही विचारा, जुन्या दगडावर भक्तिभावाने ऑइलपेंट फासला की काय होते? भाव खरा असतो, हेतू निर्मळ असतो. आणि आठ शतकांपूर्वीच्या छिन्नीची खूण एका डब्याखाली गाडली जाते. अधिकार असणे आणि ते करणे शहाणपणाचे असणे, या दोन गोष्टी आहेत.

२६/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर. “हे श्रीमंतांचे छंद, आणि तुमचे ते घड्याळ तर हुंड्याचे. ते जपायचे कशाला?” मी म्हणतो, त्यासाठीच जपायचे. गौरव म्हणून नव्हे, साक्ष म्हणून. एका सुगीच्या कापसाची किंमत मनगटावर बांधली गेली, हे नातवंडांना कळले पाहिजे. मुलीच्या लग्नापायी कर्जात बुडालेली घरे आजही या जिल्ह्यात आहेत. घड्याळ गेले, मोटारसायकल आली, एवढाच फरक. पुरावा उजळवला की अपराधही उजळतो.

२७/
आता कथेचा उरलेला भाग. दोन वर्षांपूर्वी घड्याळ पुन्हा अडले. या वेळी मी ते परभणीतच, डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या एका वृद्ध घड्याळजींकडे नेले. त्यांनी झाकण उघडले, उलटे करून उजेडात धरले आणि मला भिंग दिले. आतल्या बाजूला सुईने ओरखडल्यासारख्या बारीक खुणा होत्या. आकडे, एखादे आद्याक्षर. घड्याळ उघडणाऱ्या प्रत्येक कारागिराने कामाची तारीख तिथे टिपून ठेवली होती.

२८/
“ही ६८ ची, ही ७४ ची, आणि ही माझी,” ते म्हणाले. १९८१ च्या एका तारखेपुढे त्यांचे अक्षर होते. बाहेरून मी सारे पुसले होते, पण आत यंत्र पोहोचले नव्हते. आजोबा घड्याळ किती नेमाने दुरुस्त करून घेत, हे त्या चार ओरखड्यांनी सांगितले. देणाऱ्याचे नाव मात्र आत नव्हते. ते परत येणार नाही. मी त्यांना झाकणावर नाव पुन्हा कोरण्याविषयी विचारले.

२९/
ते म्हणाले, “कोरता येईल. पण ते आजचं होईल, तेव्हाचं नाही.” या एका वाक्यात संग्रहशास्त्राचे सार आहे, असे मला वाटते. मी कोरून घेतले नाही. एका कागदावर पणजोबांचे नाव, गाव, शके, कापसाची हकिकत आणि ती अक्षरे माझ्या अज्ञानाने गेली, हेही लिहिले. तो कागद घड्याळासोबत डबीत ठेवला आहे. माझी चूकही आता त्या घड्याळाच्या इतिहासाचा भाग आहे.

३०/
तुमच्यासाठी काही व्यवहार्य सूचना:
• घड्याळ दुरुस्तीस देण्याआधी पुढून, मागून आणि शक्य तर आतून फोटो काढा.
• “तेलपाणी करा, चालते करा, तबकडी व केस यांना हात लावू नका,” असे चिठ्ठीवर लिहून द्या.
• कोणताही भाग बदलला तर जुना भाग परत मागून घ्या आणि पाकिटात जपा.
• तबकडी रंगवलेली असेल तर तसे लिहून ठेवा.
• ज्याने दिले, ज्याने वापरले, ज्याने दुरुस्त केले, त्यांची माहिती कागदावर उतरवा.

३१/
एक सावधगिरीही. अंधारात चमकणाऱ्या जुन्या घड्याळांच्या आकड्यांवर खरोखरच रेडियम असू शकते. चमक केव्हाच विझलेली असते, किरणोत्सर्ग मात्र नाही; रेडियमचे अर्धे आयुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. असे घड्याळ घरी उघडू नका, तबकडी खरवडू नका, त्याची भुकटी श्वासात जाऊ देऊ नका. बंद केसमध्ये राहू द्या आणि उघडण्याचे काम जाणकारावर सोपवा. उजळवू नये, याचे हे आणखी एक कारण.

३२/
शेवटची विनंती जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना. परभणी, सेलू, गंगाखेड, पूर्णा इथे पाटी लावून बसणारे जुने घड्याळजी आता थोडेच उरले आहेत. कोणत्या सालात कोणती घड्याळे यायची, कुठून यायची, सुटे भाग कोण पुरवायचे, लग्नसराईत काय खपायचे, हे त्यांना ठाऊक आहे. विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे पाठवा. एका जिल्ह्याच्या बदलत्या वेळेचा इतिहास त्या छोट्या टेबलांवर उघडा पडलेला आहे, आणि तो टिपणारे कोणी नाही.

३३/
आजी गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. घड्याळ चालते आहे. दिवसाला दोन-तीन मिनिटे मागे पडते, तेवढे मी त्याला माफ केले आहे. तुमच्याही घरात असे एखादे घड्याळ असेल तर आज ते बाहेर काढा आणि इथे त्याचा फोटो द्या. तबकडीचा नको. ते उलटे करा आणि पाठीचा फोटो द्या. काही कोरलेले असेल तर ते कोणी कोणाला दिले, तेही लिहा. नाव अजून वाचता येते आहे, तोवर.